पहिल्या नंबरचं प्रतिज्ञापत्र

तहसील कचेरीबाहेर टायपिंगचं टेबल टाकून मला १९ वर्षं झाली. उत्पन्नाचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, गॅप सर्टिफिकेट, नावात बदल, दिवसभर हेच चालतं. पण एक अख्खा राजकीय पक्ष माझ्या टेबलावर जन्मला आणि माझ्याच टेबलावर संपला, आणि संपताना मी जे केलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

झालं असं की आमच्याकडच्या एका पुढाऱ्याचं, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, तिकीट कापलं गेलं. मग मेळावा, मग फटाके, मग नवा पक्ष. खान्देशाला हे काही नवीन नाही, धुळ्यात अनिल गोटे २००९ ला लोकसंग्राम या स्वतःच्या पक्षाकडून आमदार झाले आणि २०१४ ला भाजपकडून, त्यामुळे आपलाही असा नंबर लागेल असं प्रत्येक तालुक्यात कोणाला तरी वाटतंच. पण स्टेजवर पक्ष जाहीर करणं वेगळं आणि निवडणूक आयोगाकडे नोंदवणं वेगळं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९ अ कलम आहे. स्थापनेपासून ३० दिवसांच्या आत अर्ज दिल्लीला पोचायला हवा, सोबत १० हजारांचा डीडी, पक्षाची घटना आणि कमीत कमी १०० सदस्यांची वेगवेगळी प्रतिज्ञापत्रं, नोटरी केलेली. भाऊ माझ्याकडे आले २६ व्या दिवशी. आधीचे २५ दिवस सत्कारात गेले होते.

घटना मी दुसऱ्या एका पक्षाच्या घटनेवरून मारली, फाइंड-रिप्लेस. एका पानावर जुन्याच पक्षाचं नाव राहून गेलं होतं, ते नोटरी वकीलसाहेबांनी पकडलं. भाऊंनी त्यातली एकच ओळ वाचली, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा वाली, आणि म्हणे हे समाजवाद कशाला टाकलं रे, आपले सगळे केळीवाले बागायतदार, काढ ते. म्हटलं भाऊ, ते कायद्यातलंच वाक्य आहे, काढलं तर नोंदणी होत नाही. ‘मग राहू दे, कोण वाचतं.’ विलीनीकरणाचं कलमही त्यातच होतं, १५ दिवस आधी लेखी नोटीस, सर्वसाधारण सभा, दोन तृतीयांश मतं. तेही कोणी वाचलं नाही.

मग तो १०० प्रतिज्ञापत्रांचा दिवस. पिकअप भरभरून माणसं आली, कारण मागे वरणबट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा बेत होता. बाहेरच्याला वाटेल की एक मजकूर टाइप केला आणि शंभर प्रिंट मारल्या की झालं. तसं नसतं हो. मतदार कार्डावर ‘भगवान’, आधारवर ‘भगवानराव’, मतदार यादीत ‘भगवाण’. निम्म्याहून जास्त पाटील, त्यातही नाव आणि बापाचं नाव दोन्ही सारखी असलेली तीन माणसं, मग मतदार कार्डावरच्या एपिक नंबरवरून वेगळी करायची. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासकट मीच काढली, कार्यकर्ते नुसते फोनवर बोलत फिरत होते. दोन तास लाइट गेली तर इन्व्हर्टर शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा. रात्री साडेनऊला शंभरावा कागद नोटरीच्या रजिस्टरला चढला आणि एकही परत आला नाही, हे मी आजही चारचौघांत सांगतो.

पहिल्या नंबरचं प्रतिज्ञापत्र नानांचं होतं. डेअरीवर दूध घालून सकाळच्या एसटीने आले, मी शटर उघडायच्या आधी पायरीवर बसलेले. जेवणाचं माहीत नव्हतं त्यांना. पूर्ण मजकूर वाचून दाखवायला लावला, एकट्या नानांनी. ‘मी आयोगाकडे नोंदणीकृत अन्य कोणत्याही राजकीय पक्षाचा सदस्य नाही,’ यावर मान डोलावली आणि सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

पुढचं थोडक्यात. पेपरात नोटिसा दिल्या, नोंदणी झाली, २०२४ च्या विधानसभेला भाऊ उभे राहिले. झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांश मतं पडली नाहीत, डिपॉझिट गेलं. नगरपालिकेचं वारं सुरू झालं आणि भाऊंना कळलं की पुन्हा मोठ्या पक्षात जायचं तर एकटं जाण्यापेक्षा ‘विलीनीकरण’ केलेलं पेपरात चांगलं दिसतं. आमदारांना त्या शब्दाची गरज असते, पूर्वी एक तृतीयांश फुटले तरी पक्षांतर कायद्यातून सुटायचे, २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद झाली आणि दोन तृतीयांशांचं विलीनीकरण तेवढं उरलं. भाऊंकडे ना आमदार ना नगरसेवक, पण ‘दोन तृतीयांश’ हा शब्द त्यांना फार आवडायचा.

त्यांचा पीए संध्याकाळी सहाला आला, सकाळी जळगावला प्रवेशाचा कार्यक्रम. ठराव हवा होता, सर्वसाधारण सभेचा, सर्वानुमते. सभा कधी झाली विचारलं तर म्हणे तारीख टाक ना मागची एखादी. सूचक भाऊंचा मेहुणा. आणि अनुमोदक? ‘टाक कोणीपण, तुझ्याकडे लिस्ट आहेच.’ मी फोल्डर उघडला, पहिली फाइल नानांची. टाकलं नाव. घटनेतलं कलम मला पाठ होतं, मीच टाइप केलेलं, तरी टाकलं. ८० रुपये झाले. कागद माझ्याकडून बिनसहीचा गेला, पुढे अनुमोदकाच्या नावासमोर सही कोणी मारली ते मी विचारलं नाही.

चार दिवसांनी नाना टेबलापुढे, हातात पेपर. ‘माले कोनी इचारं नही.’ मी गप्प. ‘मंग आते मी कोना?’

त्यांना नवीन प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं. कुठे द्यायचं म्हटलं तर, कुठेच नाही, घरी ठेवणार. असला कुठला फॉरमॅट नसतो. मी तीच जुनी फाइल उघडली, तारीख बदलली आणि ‘अन्य’ हा एक शब्द उडवला. मी आयोगाकडे नोंदणीकृत कोणत्याही राजकीय पक्षाचा सदस्य नाही. वाचून दाखवलं. तेवढीच मान डोलावली त्यांनी. त्याच फोल्डरमध्ये खाली ठरावाची फाइल दिसत होती, मी स्क्रीन जरा माझ्याकडे वळवली.

नोटरी करून आले आणि म्हणे लॅमिनेशन करी दे, पाणीम्हा खराब व्हई जाई. करून दिलं. पैसे नको म्हणत होतो, पण ते ३० रुपये टेबलावर ठेवून एसटी पकडायला गेले.