एम.२ खाचेतला न दिसणारा ड्राइव्ह

मे महिन्यात सांगलीत वळवाचा पाऊस आणि विजांचा कडकडाट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर मांडून देण्याचा, व्यवसाय करणारे एक काका स्कूटरवर पायांजवळ सीपीयू ठेवून माझ्या दुकानात आले. लग्नसराई ऐन भरात होती, सहा पत्रिकांचा मजकूर त्याच मशीनवर होता आणि शेवटचा बॅकअप पाच महिन्यांपूर्वीचा होता. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, वेगळा काढून तपासला, तो ठीक निघाला. मदरबोर्ड मात्र कोणत्याही उपायाने चालू होईना. प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा. त्याला चालणारा नवा बोर्ड मिळणे कठीण, आणि वापरलेला बोर्ड व्यवसायाच्या मशीनमध्ये बसवणे मला पटत नाही. म्हणून एच६१० चिपसेटचा बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय३ प्रोसेसर घ्यायचे ठरले. डीडीआर४ रॅम जुनीच उपयोगी पडली.

काकांचा सगळा कामाचा पसारा २५६ जीबीच्या एका एम.२ एसएसडीवर, म्हणजे बोर्डाच्या खाचेत थेट बसणाऱ्या पट्टीसारख्या ड्राइव्हवर, होता. मी ती पट्टी नव्या बोर्डाच्या खाचेत तिरकी सरकवली, खाली दाबली आणि टोकाचा बारीक स्क्रू आवळला. ती इतकी नेमकी बसली की शंकेला जागाच नव्हती. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये, मात्र ड्राइव्हचे नाव नव्हते. बायोस अद्ययावत केले, पट्टी काढून पुन्हा बसवली, तरी तेच. शेवटी ती यूएसबीच्या एम.२ डबीत घालून दुकानातल्या संगणकाला जोडली. तिथेही काही उमटले नाही. दोन ठिकाणी न दिसलेला ड्राइव्ह आणि आदल्या रात्रीची वीज, यांचा मेळ मनात सहज बसत होता. काकांनी खुर्चीच्या कडेवर बसून विचारले, "ताई, फाईली गेल्या का हो?" त्या क्षणी 'हो' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

तो मी उच्चारला नाही, कारण पट्टी डबीतून काढताना माझी नजर तिच्या सोनेरी कडेवर गेली. त्या कडेला कापलेल्या दोन बारीक खाचा होत्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. एम.२ पट्ट्या दोन प्रकारच्या असतात: पीसीआयई या वेगवान मार्गाने बोर्डाशी बोलणाऱ्या एनव्हीएमई आणि जुन्या साटा पद्धतीने बोलणाऱ्या. एनव्हीएमई ड्राइव्हला सहसा एकच खाच असते. दोन खाचा दिसल्या की तो बहुधा साटा ड्राइव्ह असतो. लेबल उजेडात धरले तर बारीक अक्षरांत 'साटा ६ गिगाबिट' असे छापलेले होते. दोन्ही प्रकारांच्या पट्ट्या सहसा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असतात आणि दोन खाचांची पट्टी एनव्हीएमईच्या जागेत अडथळ्याविना बसते. फक्त त्या जागेच्या तारा पीसीआयईला जोडलेल्या असतील, तर साटा ड्राइव्हशी बोलणारे तिथे कोणीच नसते. काही बोर्डांवर दोन्ही चालतात. या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत मात्र एम.२ पुढे केवळ पीसीआयई लिहिले होते, आणि माझी डबीही फक्त एनव्हीएमईची होती. म्हणजे दोन्ही तपासण्यांनी एकच चूक दोनदा सांगितली होती.

काही शे रुपयांचा एम.२ ते साटा अडॅप्टर शेजारच्या दुकानातून आणला, ड्राइव्ह त्यात बसवून साटाची केबल जोडली आणि बायोसमध्ये त्याचे नाव झळकले. काका उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

तरीही विंडोज सुरू होईना. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनात डिस्कची यादी काढली, तर या डिस्कपुढच्या जीपीटीच्या रकान्यात तारांकन नव्हते. एमबीआर आणि जीपीटी या डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती, आणि इथे विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेले होते. नव्या मशीनवर वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालताना हा बोर्ड फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतो, आणि तिच्यातून विंडोज सुरू व्हायला डिस्क जीपीटी लागते. जुन्या बूट पद्धतीचा सीएसएम हा पर्याय तिथे चालू करता येत नव्हता.

पुढचे पाऊल टाकण्याआधी मी संपूर्ण ड्राइव्हची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. काकांना घाई होती, पण मूळ डिस्कवरच्या पार्टिशनच्या, म्हणजे तिच्या भागांच्या, रचनेला हात लावण्याआधी प्रत हवीच, या बाबतीत मी कोणाचेही ऐकत नाही. मायक्रोसॉफ्टची एमबीआरटूजीपीटी ही आज्ञा विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येते आणि फाईलींना धक्का न लावता एमबीआरची रचना जीपीटीत बदलते. आधी नुसती पडताळणी चालवली, ती नापास झाली. काकांचा डी ड्राइव्ह एक्स्टेंडेड, म्हणजे आत आणखी भाग सामावणाऱ्या, पार्टिशनमध्ये होता आणि तसे पार्टिशन असेल तर ही आज्ञा काम करत नाही. डीमधले फाँट आणि पत्रिकांचे मजकूर वेगळ्या डिस्कवर उतरवले, पंधरा-वीस फाईली उघडून खात्री केली, मगच ते पार्टिशन काढले. या वेळी पडताळणी पार पडली आणि रूपांतर मिनिटाभरात झाले. रिकाम्या जागेत नवा डी तयार करून सगळे परत भरले.

बायोसच्या बूट यादीत आता 'विंडोज बूट मॅनेजर' अशी ओळ आली. पडद्यावर गोल फिरत राहिले, नव्या हार्डवेअरची तयारी झाली आणि काकांचा नेहमीचा डेस्कटॉप उघडला. बोर्ड बदलल्यामुळे विंडोजचा परवाना पुन्हा सक्रिय करावा लागला, तेवढेच काम उरले होते. काकांनी पहिली फाईल उघडली ती दुसऱ्याच दिवशी छापायला जायच्या पत्रिकेची. मुहूर्ताची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली आणि सीपीयू उचलून थेट छापखान्याची वाट धरली.