सूत: रीड-राइट मार्गी लागले, आता ओपन, ड्रेन आणि क्लोज

मंडळी, सूतच्या कामाचा पुढचा हप्ता. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: सूत ही सी मधली छोटी लायब्ररी. आत हलके थ्रेड (एकाच प्रोग्राममधली आळीपाळीने चालणारी कामं) हवे तितके, पण कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) लेखी सगळे मिळून एकच. थ्रेडने स्वतःहून जागा सोडली तरच दुसऱ्याची पाळी येते. त्यामुळे एकाने साधा रीड मारला आणि पलीकडून काही आलंच नाही, की सगळेच ठप्प. म्हणून अडवून ठेवणाऱ्या प्रत्येक सिस्टम कॉलला (कर्नलकडे केलेल्या मागणीला) 'सूत_' लावलेला पर्याय द्यायचा: डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा किंवा जोडणीचा आकडा) नॉनब्लॉकिंग म्हणजे न अडवणारा करायचा, ईअगेन ('आत्ता नाही, नंतर विचार' ही एरर) आलं की एपोलमध्ये (कुठला डिस्क्रिप्टर तयार झाला ते सांगणारी कर्नलची सोय) नोंद करून तो थ्रेड झोपवायचा आणि तयार असलेल्याला पुढे काढायचं.

सूत_रीड, सूत_राइट, सूत_ॲक्सेप्ट झाले, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. सूत_कनेक्टमध्ये ईइनप्रोग्रेस ('जोडणी चालू आहे') आल्यावर सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) लिहिण्याजोगं होईपर्यंत थांबायचं आणि मग एसओ_एरर (जोडताना काही चुकलं का) विचारायचं. ते विचारलं नाही तर फसलेलं कनेक्शनही जुळल्यासारखं दिसतं.

खरी मजा सिरीयल पोर्टवर आली. उद्यमनगरात एका मित्राचं मशीन शॉप आहे, जुन्या व्हीएमसी (धातू कापणारी संगणकचलित मशीन) अजून आरएस-२३२ या जुन्या सिरीयल जोडणीवर चालतात. कंट्रोलरची मेमरी एवढीशी, साच्याचा प्रोग्राम मोठा, त्यामुळे ड्रिप फीड: बाहेरून ओळी पाठवत राहायच्या, मशीन कापत राहणार. एका छोट्या बोर्डाला यूएसबी कन्व्हर्टर लावून त्यावरच्या एकाच प्रोग्रामने सगळ्या मशीनना ओळी पुरवायच्या, असा बेत. तिथे आधी एक साधा सी प्रोग्राम होता. त्यावर ऑपरेटरचा सवाल, "दादा, एक मशीन थांबलं की बाकीची का थांबत्यात?"

कारण सरळ आहे. मशीनचा बफर भरला की ते एक्सऑफ ('थांब' सांगणारं अक्षर) पाठवतं, कर्नल त्या पोर्टवरचं पाठवणं थांबवतो. आपल्या बाजूचा बफरही भरला की राइट तिथेच अडकतो. ९६०० बॉड (इथे सेकंदाला तेवढे बिट), ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट म्हणजे सुरुवातीचा स्टार्ट बिट धरून एका अक्षराला ११ बिट, सेकंदाला जेमतेम ८७० अक्षरं. या वेगात बफर भरलेलाच असणार, रिकामा असणं हाच अपवाद. सूत_राइट लावल्यावर ज्याचा एक्सऑफ तोच थ्रेड झोपतो, शेजारचं मशीन आपलं कापत राहतं. नाद खुळा!

पण टीटीवाय (टर्मिनल आणि सिरीयल पोर्टसारखी उपकरणं) म्हणजे नुसते रीड-राइट नव्हेत. इथे ओपनसुद्धा अडवतो. सीलोकल ('कॅरियर सिग्नलकडे बघू नको' ही सेटिंग) लावलेलं नसेल तर कर्नल कॅरियर सिग्नलची वाट बघत बसतो, आणि तीन तारांच्या केबलवर तो सिग्नल येणार कुठून? म्हणून सूत_ओपन फाइल उघडतानाच ओ_नॉनब्लॉक देतो, सीलोकल नंतर लावतो.

टीसीड्रेन आणखी वस्ताद. शेवटचं अक्षर तारेवर जाईपर्यंत तो परत येत नाही, आणि त्याला नॉनब्लॉकिंग रूप नाहीच. माझा सूत_ड्रेन टीआयओसीआउटक्यूने किती बाइट उरले ते विचारतो, बॉड रेटवरून वेळ काढतो, तेवढं झोपतो, पुन्हा विचारतो. गावठी आहे, पण चालतंय.

क्लोजचीही तीच तऱ्हा. बफरमध्ये काही उरलं असेल तर सिरीयल पोर्ट बंद करताना कर्नल डीफॉल्टने ३० सेकंदांपर्यंत थांबू शकतो. म्हणून सूत_क्लोज आधी सूत_ड्रेनला ठरावीक मुदत देतो, मुदत संपली की टीसीफ्लश करून उरलेलं टाकून देतो. शिवाय एक थ्रेड त्या डिस्क्रिप्टरवर झोपलेला असताना दुसऱ्याने तो बंद केला, तर एपोल ती नोंद मुकाट काढून टाकतो आणि झोपलेला कायमचा झोपतो. त्यातून तोच आकडा लगेच नव्या सॉकेटला मिळतो, मग शोधत बसा. आता बंद करण्याआधी वाट बघणाऱ्या प्रत्येकाला ईबॅडएफ ('हा डिस्क्रिप्टर चालू नाही' ही एरर) देऊन उठवतो. एररनोसुद्धा (शेवटच्या एररचा आकडा) थ्रेड बदलताना जपून ठेवावा लागतो, तो सगळ्यांत सामायिक आहे.

मागच्या वेळी काहींनी सुचवलं होतं, एलडी_प्रीलोडने (आपली लायब्ररी सगळ्यांआधी लोड करायची सोय) मूळ रीडच बदलून टाक, म्हणजे जुना कोड न बदलता चालेल. जीएनयू पीटीएच या अशाच थ्रेड लायब्ररीमध्ये मूळ नावांखाली पर्याय घालायची सोय होतीच. मला ते पटत नाही. ग्लिबसीचा (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा) ओळ वाचणारा एफगेट्स आतल्या आत आपलाच रीड वापरतो, तो प्रीलोडला सापडत नाही. म्हणजे अर्धे कॉल शहाणे, अर्धे अडवणारे, आणि कोडकडे बघून कळणार नाही कुठला कोणता. 'सूत_' टाइप करायला बोटं झिजत नाहीत.

एक जागा मात्र मी ओ_नॉनब्लॉक लावत नाही: आईबापाकडून, म्हणजे आपल्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडून, वारशाने आलेला स्टँडर्ड इनपुट. तो फ्लॅग डिस्क्रिप्टरचा नसतो, उघडलेल्या फाइलचा असतो, त्यामुळे त्याच टर्मिनलवरच्या दुसऱ्या प्रोग्रामलाही ईअगेन मिळू लागतं. तिथे आधी पोल (वाचायला काही आलंय का ते विचारणं), मग साधा रीड.

डिस्कवरच्या फाइलला एपोल दारातच उभं करत नाही, ईपर्म ('परवानगी नाही') देतो. नावावरून पत्ता शोधणाऱ्या गेटॲड्रइन्फोचाही तसाच अडथळा, डीएनएस सर्व्हर गप्प असेल तर डीफॉल्टने दर प्रयत्नाला ५ सेकंद. या दोघांसाठी मागे दोन-चार खरे पीथ्रेड (कर्नलला वेगळे दिसणारे थ्रेड) ठेवलेत, काम संपलं की इव्हेंटएफडीवर (एपोलला जागं करणारा डिस्क्रिप्टर) टिचकी. आयओ_यूरिंग (न अडवता वाचा-लिहायची कर्नल ५.१ पासूनची सोय) मोह घालतंय, पण उद्यमनगरच्या त्या बोर्डावरचा कर्नल ५.१ च्या आधीचा आहे, तो बदलायला मित्र तयार नाही. चालत्या मशीनला हात लावू नये हे त्याचं म्हणणं, आणि मशीन त्याची आहेत.

एक मदत हवी. यूएसबी कन्व्हर्टरच्या चिपमध्ये उरलेली अक्षरं टीआयओसीआउटक्यूच्या आकड्यात येत नाहीत, त्यामुळे सूत_ड्रेन जरा आधीच 'झालं' म्हणतो. सध्या वर थोडी जास्तीची झोप दिली आहे. मदरबोर्डवर खरा नऊ पिनचा पोर्ट असलेला जुना पीसी कुणाकडे धूळ खात पडला असेल, तर तिथे सूत_ड्रेन चालवून आकडे पाठवा.