पहिल्या फॉलआउटमध्ये तग धरणारं कॅरेक्टर: मी हिशेब कुठून सुरू केला

१९९७ सालचा पहिला फॉलआउट हा कॉम्प्युटर गेम सुरू होतो तो आकड्यांच्या एका स्क्रीनने. तिथे केलेली वाटणी पुढे अगदी थोडी बदलता येते, आणि गेम कशाचीही आठवण करून देत नाही. बहुतेक कॅरेक्टर बाद होतात ती इथेच: सातही मूळ गुण (ताकद, चपळाई वगैरे) पाच-सहाच्या आसपास, स्किल पॉइंट (कौशल्यं वाढवायचे पॉइंट) आठ ठिकाणी विखुरलेले. म्हणून मी हिशेब शेवटाकडून धरला. एका टर्नमध्ये शत्रूच्या डोळ्यावर नेम धरून दोन गोळ्या सुटल्या पाहिजेत, एवढं एकच लक्ष्य ठेवलं.

लढाईत सगळं ॲक्शन पॉइंटवर, म्हणजे एका टर्नमधल्या हालचालींच्या बजेटवर चालतं. ते मिळतात ५ अधिक एजिलिटीची (चपळाईची) निम्मी, अपूर्णांक सोडून. म्हणजे एजिलिटी ८ असो वा ९, पॉइंट ९च. १० केली तरच १०. टेन एमएम पिस्तूल किंवा हंटिंग रायफलची साधी गोळी ५ पॉइंट खाते, नेम धरून मारली तर ६. दहा पॉइंटमध्ये सुरुवातीला दोन साध्या गोळ्या बसतात, नेमाची एकच. पुढे 'बोनस रेट ऑफ फायर' हा पर्क (लेव्हल वाढताना मिळणारी खास क्षमता) प्रत्येक गोळीचा एक पॉइंट वाचवतो, तेव्हा नेमाची गोळी ५ला पडते आणि दोन बसतात. एजिलिटी ९ ठेवली तर हा पर्क घेऊनही दुसरी नेमाची गोळी एका पॉइंटने हुकते. त्यामुळे एजिलिटी १० यावर तडजोड नाही.

वाटायला एकूण ४० पॉइंट असतात. 'गिफ्टेड' ही ट्रेट (सुरुवातीलाच निवडायची, फायदा-तोटा दोन्ही असलेली खासियत) घेतली की सातही गुण एकेकाने वाढून ४७ होतात. बदल्यात सगळी स्किल्स १० टक्क्यांनी उतरतात आणि दर लेव्हलला ५ स्किल पॉइंट कमी मिळतात. सौदा फायद्याचाच आहे. माझी वाटणी अशी: स्ट्रेंग्थ ५, परसेप्शन ८, एन्ड्युरन्स ४, करिस्मा २, इंटेलिजन्स ९, एजिलिटी १०, लक ९. स्ट्रेंग्थ ५ कारण हंटिंग रायफलला तेवढी लागते, आणि शस्त्राच्या गरजेपेक्षा कमी पडणाऱ्या प्रत्येक पॉइंटमागे नेम २० टक्क्यांनी घसरतो. एन्ड्युरन्स ४ आणि ५ दोन्हीला दर लेव्हलला वाढणारे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो ते) चारच, मग पाचवा पॉइंट तिथे का अडकवायचा? 'फास्ट शॉट' ही ट्रेट नावाला भुलून घेऊ नका. तिच्यामुळे नेम धरून मारणंच बंद होतं आणि या कॅरेक्टरचा कणा मोडतो.

टॅग केली, म्हणजे खास स्किल्स म्हणून निवडली, स्मॉल गन्स, स्पीच आणि लॉकपिक. टॅग केलेल्या स्किलमध्ये एका पॉइंटला दोन टक्के मिळतात. स्मॉल गन्स सुरुवातीला ५५ टक्के दिसतं, पण डोळ्यावर नेम धरला की ६० टक्के वजा होतात, त्यामुळे पहिल्या लेव्हलला तो नाद सोडायचा. इंटेलिजन्स ९ असल्याने गिफ्टेडची कपात जाऊनही दर लेव्हलला १८ पॉइंट येतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या लेव्हलचे सगळे ३६ पॉइंट स्मॉल गन्समध्ये टाकले की ते १२७ टक्क्यांवर जातं. डोळ्याचा नेम आता कामाचा होतो. त्यानंतरच स्पीच आणि लॉकपिककडे वळायचं. सायन्स, रिपेअर, फर्स्ट एड, आउटडोअर्समन यांत मी एकही पॉइंट टाकला नाही, कारण त्यांची पुस्तकं हब या शहरात विकत मिळतात आणि वाचून ९१ टक्क्यांपर्यंत जाता येतं. स्किल जितकं कमी तितकी एका पुस्तकाची भर जास्त, म्हणून आधी पॉइंट खर्चून मग पुस्तक वाचणं हा निव्वळ तोटा.

शेडी सँड्स या गावाजवळची रॅडस्कॉर्पियनची (महाकाय विंचवांची) गुहा ही पहिली खरी परीक्षा. हिट पॉइंट जेमतेम २८, त्यामुळे विंचू अंगाला भिडू द्यायचा नाही. लांब असताना दोन गोळ्या. जवळ आला की एक गोळी आणि उरलेल्या ५ पॉइंटमध्ये पाच घरं मागे, कारण एका घराला एक पॉइंट लागतो. वाटेत दुसरा विंचू उभा नाही ना, हे आधी पाहायचं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्टिमपॅक (जखमा भरणारं इंजेक्शन) बॅगेत ठेवणं. लढाईत बॅग उघडायलाच ४ पॉइंट जातात. तोच स्टिमपॅक दुसऱ्या हातात ठेवला तर २ पॉइंटमध्ये काम होतं. टर्न संपवताना उरलेला प्रत्येक पॉइंट त्या फेरीपुरता आर्मर क्लासमध्ये (शत्रूचा वार चुकवण्याच्या आकड्यात) मिळतो, हेही ध्यानात असू द्या.

पर्क दर तीन लेव्हलना एक. तिसऱ्याला 'अवेअरनेस', म्हणजे शत्रूचे नेमके हिट पॉइंट आणि शस्त्र दिसतं. सहाव्याला 'मोअर क्रिटिकल्स' (क्रिटिकल म्हणजे नेहमीपेक्षा जबर इजा करणारा फटका), नवव्याला 'बोनस रेट ऑफ फायर', बाराव्याला 'बेटर क्रिटिकल्स'. परसेप्शन ८ राखलं ते अठराव्या लेव्हलच्या 'स्नायपर'साठी. तो पर्क आला की लागलेल्या प्रत्येक गोळीला लकच्या दहापट टक्के क्रिटिकलची संधी मिळते, लक ९ म्हणजे ९० टक्के. ब्रदरहूड या लष्करी गटाचा डॉक्टर कॅप्स (गेममधलं चलन) घेऊन शस्त्रक्रियेने एकेक गुण वाढवतो, पण लक आणि करिस्मा त्याच्या यादीत नाहीत. म्हणूनच लक पहिल्या स्क्रीनवरच भरून घ्यायचं. शस्त्रक्रियांपैकी मी इंटेलिजन्सची आधी केली, कारण ती जितकी लवकर तितक्या जास्त लेव्हलना दोन-दोन पॉइंट जादा. स्ट्रेंग्थची टाळली. पॉवर आर्मर चढवलं की स्ट्रेंग्थ तीनने वाढून ८ होते, आणि प्लाझ्मा रायफलला ६ पुरते.