तिसऱ्या दिवशी काय झालं होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण मी आळंदी ते पंढरपूर पळत गेले हे कळलं की लोक स्ट्राव्हा (धावण्याची नोंद ठेवणारं ॲप) उघडून बघतात आणि मग हेच विचारतात, की बाकी पाच दिवस चाळीसच्या आसपास किमी दिसतात आणि तिसऱ्या दिवशी नुसते ८, त्या दिवशी सोडून दिलं होतंत का?

सोडलं नव्हतं. पण फारशी पळालेही नव्हते, हे आधीच कबूल करते.

फेब्रुवारीचा शेवट, माउलींच्या पालखीचाच रस्ता, नवरा ॲक्टिव्हावर पुढे-मागे. पहिल्या दिवशी दिवे घाटात मी व्हिडिओ काढत होते, इतका माज! तिसऱ्या दिवशी लोणंदहून निघाले तेव्हा मांड्या लाकडासारख्या झालेल्या. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, आषाढीच्या वारीत माउलींचं पहिलं उभं रिंगण तिथे होतं, घोडे धावतात. मी तिथून लंगडत गेले.

तरडगावच्या पुढे अंगठी बोटात रुतायला लागली, मळमळायला लागलं आणि तरी मी दर दहा मिनिटांनी साधं पाणी पितेय, कारण भरपूर पाणी प्या असं सगळेच सांगतात ना. घामातून मीठ गेलेलं, वर नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम अजूनच पातळ होतं, हे वाचलेलं होतं, पण त्या क्षणी आठवेल तर शपथ. त्यात पाय सुजून डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं आणि शेजारून उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, गाणी फुल्ल.

किलोमीटरच्या दगडावर बसून रडले. नवरा म्हणाला, बस मागे, कुणाला कळणारे? मी बसणार होते हो, खरंच, हेल्मेट हातात घेतलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या रसवंतीतून घुंगरांचा आवाज आला. म्हटलं, रस पिऊ आणि मग बसू.

रसवाल्या काकांनी विचारलं, "कुठं निघालाय ताई?"

"पंढरपूरला. पळत."

"पळत? इठ्ठल कुठं पळून चाललाय व्हय!"

दोन ग्लास रस, लिंबू पिळून आणि चांगलं चिमूटभर जास्तच मीठ घालून. बूट काढला तर काकांनी नख बघितलं, काही न बोलता लिंबू कापायची सुरी पुसली आणि बुटाचं पुढचं कापड अंगठ्यापाशी गोल कापून टाकलं. साडेआठ हजाराचे बूट! नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पण अंगठा बाहेर आला आणि मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

मनाची ताकद वगैरे लोकांना ऐकायचं असतं, माझ्याकडे त्या दिवशी ती नव्हती. मीठ होतं आणि भोक पाडलेला बूट होता. पाऊण तास तिथेच बसले, मळमळ थांबली, मग पळायचा विचार सोडून चालायला लागले, पुढच्या दगडापर्यंत, मग त्याच्या पुढच्या. फलटण मागे पडलं, अंधार झाला, मागून ॲक्टिव्हाचा लाईट. साडेआठला बरड, त्या दिवसाचा मुक्काम.

आणि ते आकडे म्हणाल तर स्ट्राव्हाचे किमी ज्यावर मोजले जातात त्या घड्याळाची चार्जिंग केबल मी लोणंदच्या लॉजवर विसरले होते, त्यामुळे घड्याळ तरडगावातच बंद पडलं. फलटणला दुकानं होती, पण तेव्हा केबल सुचलीच नाही.