तुम्ही विचारलंत म्हणून : गॅलरीतल्या वेलाची बिअर

"मॅडम, तुमच्या गॅलरीतला तो वेल बिअरचा आहे म्हणे. मग घरीच करता का?"

लिफ्टमध्ये, स्टाफरूममध्ये, भाजीच्या गाडीपाशी, गेली चार वर्षं हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. विचारताना बहुतेकांचा आवाज जरा खाली येतो. लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत माझं एवढंच सांगून होतं : मुलुंडला नाही करत, इंग्लंडमध्ये वूस्टरला ताईच्या स्वयंपाकघरात करते. बाकीचं आज सवडीने सांगते.

मुलुंडला करत नाही कारण कायदा. महाराष्ट्रात परवाना नसताना मद्य तयार करणं हा १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि घरापुरती केली म्हणून बिअर त्यातून सुटत नाही. इंग्लंडमध्येही पूर्वी घरच्या बिअरला परवाना लागायचा. तो १९६३ साली तिथले अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला. तेव्हापासून विकायची नाही या अटीवर तिथे कुणीही घरी बिअर करू शकतं. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वर्गात उभं राहून सांगता येणार नाही असं काही मी घरात करणार नाही.

माझ्या गॅलरीतला वेल हॉप्सचा, म्हणजे ज्याच्या फुलांनी बिअरला कडूपणा आणि वास येतो त्याचा. ताईच्या घराच्या परसातही आधीच्या मालकांनी लावलेला हॉप्सचा वेल आहे. वूस्टरजवळ टीम नदीच्या खोऱ्यात हॉप्सची शेती पिढ्यानपिढ्या चालत आलेली, त्यामुळे तिकडे कुंपणावर हॉप्स दिसणं म्हणजे आपल्याकडे कुंपणावर कोरांटी दिसण्यासारखं. पहिल्यांदा गेले तेव्हा सप्टेंबर सुरू होता आणि वेल फुलांनी लगडला होता. फूल म्हणजे हिरवट, कागदी पाकळ्यांचा अंगठ्याएवढा झुबका. एक तोडून मधोमध फाडला तर पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी पूड. बोटांवर चिकट लागली, आणि वास आला तो थेट गवती चहाचा! मागून डिंकाचा, मागून किंचित लसणासारखा. गवती चहात मिरसीन नावाचं सुगंधी तेल असतं आणि हॉप्समध्येही तेच असतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण परदेशात, ताईच्या कुंपणापाशी, आईच्या चहाच्या पातेल्याचा वास हातावर येईल हे कुठल्या पुस्तकात असणार? सगळं सुरू झालं ते त्या वासापासून. दारूचं कुतूहल त्यात फारसं नव्हतं.

आता बिअर कशी होते ते. यातला अर्धा भाग तुमच्या घरात होत आलेला आहे. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतात ना? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. जवाचं हेच केलं की झालं माल्ट, फक्त ते भरडतात, पीठ करत नाहीत. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात. वीस लिटर बिअरला आम्ही साधारण चार किलो भरडलेलं माल्ट घेतो, ६६ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर झाकून ठेवतो. पाणी फार तापलं तर विकरं मरतात, निवलं तर काम अर्धवट राहतं. तासाभराने थेंबभर रस बशीत घेऊन त्यावर आयोडीन टाकते. निळंकाळं झालं नाही म्हणजे पिष्ट संपलं. आठवीच्या प्रयोगशाळेतला प्रयोग, पण ताईच्या ओट्यावर तो करताना मला अजून आनंद होतो. मग तो गोड रस गाळून तासभर खळखळून उकळायचा.

हॉप्स इथे येतात. हॉप्समधली आम्लं जशीच्या तशी रसात नीट विरघळत नाहीत. उकळताना त्यांची रचना बदलते आणि तेव्हा कडवटपणा उतरतो. म्हणून सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात. वास मात्र उकळीत उडून जातो, त्यासाठी शेवटच्या पाच मिनिटांत किंवा गॅस बंद केल्यावर पुन्हा घालायचे. घरच्या वेलाच्या फुलांत किती आम्ल आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे कडूपणासाठी मी पाकिटावर आकडा छापलेले विकतचे हॉप्स वापरते आणि वासासाठी कुंपणावरचे. ओले असतील तर वाळलेल्यांच्या पाचपट तरी वजनाने घ्यावे लागतात, कारण बहुतेक भाग पाणीच असतो.

कडूपणा नसता तर बिअर नुसतं गोडमिट्ट सरबत झाली असती. शिवाय हॉप्समुळे पुष्कळसे जिवाणू वाढत नाहीत, म्हणून ती टिकते. अठराव्या शतकात इंग्लंडहून आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला यायला जहाजांना महिनेच्या महिने लागत. त्या प्रवासासाठी बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत, आणि त्याच परंपरेतल्या बिअरला पुढे इंडिया पेल एल हे नाव पडलं. ज्यांच्याकडे पाडव्याला कडुलिंब खाऊन वर्ष सुरू होतं त्यांना कडू चवीचं मोल वेगळं सांगायला नको.

रस वीस अंशांपर्यंत गार केला की यीस्ट घालायचं. ते रसातली साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू करतं. आम्ही करतो त्या एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट पावाच्याच यीस्टच्या जातीचं, त्याला १८ ते २० अंश मानवतात. (मुलुंडच्या मे महिन्यात त्याने भलत्याच वासांची बिअर केली असती, तेही एक कारण धरा.) साखर जशी संपते तशी रसाची घनता उतरते. ती मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा दहाएक दिवसांत १.०४५वरून १.०११वर येतो आणि तिथेच थांबतो. म्हणजे साधारण साडेचार टक्के अल्कोहोल. मग फेसासाठी लिटरला पाच-सहा ग्रॅम साखर घालून बाटल्या भरायच्या आणि दोन आठवडे विसरून जायचं.

एका वर्षी माझं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. सहाव्या दिवशी आकडा १.०२०वर होता. "चालेल गं," असं मी ताईला म्हटलं आणि बाटल्या भरल्या. नवव्या दिवशी तिचा फोन आला. कोठीतल्या तीन बाटल्या रात्रीत फुटल्या होत्या, काचा पिठाच्या डब्यापर्यंत गेल्या होत्या. उरलेली साखर यीस्ट बंद बाटलीत खात होतं आणि वायूला जायला वाट नव्हती. सुदैवाने तिथे कुणी उभं नव्हतं. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस हलला नाही तरच मी बाटली हातात घेते, आणि तिकीट काढताना महिना धरते.

आता मुलुंडचा वेल. तो इंग्लंडचा नाही. भारतात हॉप्सची लागवड हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात होते. केलाँगच्या बाजूला फिरायला गेलो असताना एका शेतकरी बाईंनी दोन कंद ओल्या मातीत गुंडाळून दिले. मुंबईत हॉप्स येत नाहीत असंच सगळे सांगतात, आणि ते उगाच सांगत नाहीत. या झाडाला थंडीत झोप लागते आणि उन्हाळ्यात लांब दिवस लागतो. वूस्टरला जूनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा दिवस असतो. आपल्याकडे वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास. एवढ्याशा दिवसात वेलाला वाटतं उन्हाळा सरला, आणि तो उंच व्हायच्या आधीच फुलतो. पहिल्या वर्षी माझ्या छातीइतकाही वाढला नाही आणि मोजून अकरा फुलं देऊन थांबला.

दुसऱ्या वर्षी कंद नोव्हेंबरात खणून काढला, ओलसर भुश्यात घालून दीड महिना फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला. फेब्रुवारीपासून ग्रिलला एलईडी दिवा बांधला, तो संध्याकाळपासून रात्री दहापर्यंत. सोसायटीत सगळ्यांना दिसतो तो हा दिवा. वेल ग्रिलच्या वरच्या पट्टीला लागला आणि तिथून परत खाली आला. लाल कोळी नावाच्या किडीने पानांचा रस शोषला, पावसाळ्यात बुरशीही आली, पण फुलं सत्तेचाळीस लागली.

सासूबाई नागावच्या. मांडवावर वेल चढवण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. हॉप्सच्या कोवळ्या शेंड्याला कारल्यासारखे स्प्रिंगचे तंतू नसतात, देठच आकड्यासारख्या खरखरीत लवेने दोरीला धरून वर जातो. आईंनी तो घेवड्यासारखा दोरीला गुंडाळला. सकाळी पाहिलं तर सुटून लोंबत होता. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला. तिसऱ्या दिवशी त्या खुर्ची टाकून वेलासमोर बसल्या आणि तासाभराने मला हाक मारली : "अगं, हा उलटा फिरतो!" खरंच. वरून पाहिलं तर हॉप्स घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळतो, घेवडा त्याच्या उलट. सत्तर वर्षं हाताला असलेलं वळण त्यांनी त्या दिवशी बदललं, आणि आता तो वेल त्यांचा आहे. माझा फक्त दिवा.

मग त्या सत्तेचाळीस फुलांचं काय होतं? वर्तमानपत्रावर पंख्याखाली वाळवून हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवते. कधी दोन फुलं गरम पाण्यात पाच मिनिटं घालून गाळून पिते. आईंना त्यात मध लागतो. एक मात्र आवर्जून सांगते, कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या ब्रूनोला म्हणून मी गॅलरीत येऊ देत नाही, त्याच्या घरच्यांना वाईट वाटलं तरी.

यंदा वेल पुन्हा पट्टीपर्यंत पोचलाय. जूनअखेरीस या, पण दिवसाउजेडी या. एक फूल हातावर चोळून बघा. गवती चहाचा वास तुम्हालाही येतो का, ते मला ऐकायचंय.