८९ वर ऐकू येणारा ११०.४

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिसऱ्या वर्षाची तीन मुलं आपला एफएम ट्रान्समीटर घेऊन प्रयोगशाळेत आली. "सर, पाच फुटांपलीकडे आवाजच जात नाही. रेंज वाढवून द्या ना."

बोर्ड नेहमीचाच: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, कॉइल, फ्रिक्वेन्सी जुळवायचा ट्रिमर, कंडेन्सर माइक, नऊ व्होल्टची बॅटरी. पुढे आणखी एक ट्रान्झिस्टर जोडला होता. 'दोन किलोमीटर रेंज'वाले व्हिडिओ बघून पोरं आधी पॉवरच्याच मागे लागतात, त्याची मला चीड येते. तो ट्रान्झिस्टर काढायला लावला. ०.०१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर सप्लायवर, सर्किटला अगदी चिकटून बसवला. ७५ सेंटिमीटरची वायर अँटेना म्हणून जोडली. फरक शून्य. प्रयोगशाळेतल्या जुन्या रेडिओवर ८९ ला तोच दबका, खरखरीत आवाज.

तेवढ्यात गटातली मुलगी म्हणाली, "सर, माझ्या मोबाईलच्या एफएमवर हा लागतच नाही." तिच्याकडे मी आधी लक्षच दिलं नाही. मग हात थांबला.

जुन्या सेटचा आयएफ, म्हणजे येणारं स्टेशन आणि सेटच्या आत स्वतःचा सिग्नल तयार करणारा ऑसिलेटर यांच्या फ्रिक्वेन्सीतला ठरलेला फरक, १०.७ मेगाहर्ट्झ. काटा ८९ वर असताना हा ऑसिलेटर ९९.७ वर चालतो. त्याच्याही वर १०.७ अंतरावर, म्हणजे ११०.४ ला काही असलं, तर तेही ८९ लाच ऐकू येतं, पण क्षीण. मोबाईलच्या चिपची रचना वेगळी, तिथे ते उमटत नाही.

विभागात फ्रिक्वेन्सी मोजणारा काउंटर एकच, तोही कुलपात. किल्ली मिळेपर्यंत अर्धा तास गेला. काउंटरचा प्रोब थेट कॉइलला लावला तर त्याच्या कपॅसिटन्सनंच फ्रिक्वेन्सी खाली येते, म्हणून तारेचं एका वेढ्याचं कडं करून कॉइलजवळ नुसतं धरलं. ११०.४.

१०८ च्या वर विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा आहे. तिथे आम्ही पॉवर वाढवायला निघालो होतो!

सर्किटच्या कागदावर 'पाच वेढे' एवढंच. तारेचा गेज नाही, वेढ्याचा व्यास नाही. २२ गेजच्या तारेचे सहा वेढे ४ मिलिमीटरच्या ड्रिल बिटावर घेतले, ट्रिमर फिरवून ९१ च्या आसपास रिकाम्या जागी आणलं. त्याच एका ट्रान्झिस्टरवर आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत स्वच्छ आला, मोबाईलवरसुद्धा. याहून पुढे परवान्याशिवाय जायचं नाही, हे त्यांना बजावलं.

याच रेडिओवर ऐकून चौदा वर्षं मी प्रकल्पांवर सह्या करतोय. संध्याकाळी कपाटातले जुने सात ट्रान्समीटर काढून एकेक काउंटरवर घेतला. दोन १०८ च्या वर निघाले. दोन्हींच्या वहीवर माझी सही आहे.