पिल्याश संपल्या होत्या

२८ एप्रिल २०२५. लिस्बनमध्ये सकाळी साडेअकराच्या सुमारास वीज गेली. गोव्याच्या माणसाला वीज गेल्याचे काय मोठे? मी भाजी चिरत राहिले. थोड्या वेळाने कळले, अख्ख्या पोर्तुगाल-स्पेनची वीज गेली आहे.

फोनवरची एखादी काडी दुपारपर्यंत टिकली, मग तीही गेली. टॉवरला बॅटरी असते, पण ती काही तासांचीच. गोव्यात साखळी गावी आईला ‘मी बरी आहे’ एवढेच कळवायचे होते, तेही जमेना.

सेल आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. "पिल्याश संपल्या," दुकानातली बाई म्हणाली. पिल्याश म्हणजे सेल. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आपला जुना ट्रान्झिस्टर खिडकीत आणून ठेवला. मोडक्या एरियलला तांब्याची तार गुंडाळलेली. फुटपाथवर वीसेक माणसे गप्प उभी राहून ऐकत होती. सरकार काय म्हणते ते आम्हाला त्या खिडकीतून कळले.

महिनाभर आधीच युरोपीय आयोगाने सांगितले होते, ७२ तास निभावेल एवढी तयारी घरात ठेवा. मी ते वाचून सोडून दिले होते. पोर्तुगालने तर याहून कडू धडा घेतला आहे: २०१७ च्या पेद्रोगाव ग्रांदच्या वणव्यात ६६ माणसे गेली, आणि ऐन वेळी आपत्कालीन रेडिओ यंत्रणाच कोलमडली. त्यानंतर तिला उपग्रहाची जोड आणि जनरेटर दिले गेले.

रात्री उशिरा वीज आली. व्हॉट्सअ‍ॅपवर आईचे अकरा मिस्ड कॉल.

मला २०२१ चे तौक्ते वादळ आठवले. तेव्हा गोव्यात झाडे तारांवर पडली होती, मी इथे आणि आई तिथे, दोन दिवस आवाज नाही. २०२३ साली भारत सरकारने फोनवर मोठ्या आवाजाचे चाचणी इशारे पाठवले, ते चांगलेच झाले. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्यात आपत्तीच्या वेळी महत्त्वाच्या संदेशांना आधी वाट देण्याची तरतूदही आहे. पण टॉवरच बंद पडला तर इशारा पोचणार कुठे? गोव्यातल्या सत्तरी, डिचोली तालुक्यांत वीज गेल्यावर टॉवर किती तास चालतो, जनरेटरमध्ये डिझेल कोण घालतो, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. आकाशवाणी पणजी लागेल असा एक ट्रान्झिस्टर घरात ठेवा.

आईचा कपाटात आहे. भावाला सांगितले आहे, पावसाआधी त्यात नवे सेल घाल.